शेतातल्या वायरलेस सेन्सरची बॅटरी नेमकं कोण खातं?

दिंडोरीकर

द्राक्षबागेत सेन्सर बसवायचे म्हटलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो, दुसरा रेंजचा. बॅटरीचं कुणी विचारत नाही, कारण विकणारा "पाच वर्षं बघायला नको" असं सांगून मोकळा झालेला असतो. मग ऑक्टोबर छाटणी होते, कोवळी फूट निघते, डावणी रोगाच्या धास्तीने माणसाची झोप उडते, आणि नेमका तेव्हाच एकेक नोड (सेन्सर, चिप, रेडिओ आणि बॅटरीचं एक खोकं) गप्प व्हायला लागतो. नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या बागांत हे काम करताना जे दिसलं ते इथे मांडतोय. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यांची समजूत अशी की बॅटरी खातो तो रेडिओ, संदेश पाठवताना. अर्धवट खरं आहे. हिशेबच करू.

२६०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल) घ्या आणि त्यावर बाजारात मिळतो तो साधा ईएसपी३२ या कंट्रोलर चिपचा बोर्ड. चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. डेटाशीट खोटं बोलत नाही. पण बऱ्याच स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो आणि त्याचा स्वतःचा खर्च सुमारे ५ मिलिअँपिअर. चिप झोपली तरी हा जागाच. लाल एलईडी आणि यूएसबीची चिप सोडून द्या, नुसते हे ५ मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले. सेल तीन आठवड्यांत साफ, आणि तेही एकसुद्धा संदेश न पाठवता.

आता तीच चिप त्या बोर्डाशिवाय, एमसीपी१७०० सारख्या दोनेक मायक्रोअँपिअरवर भागवणाऱ्या रेग्युलेटरवर चालवू. दर १५ मिनिटांनी वाचन, म्हणजे दिवसाला ९६ वेळा. खर्च असा पडतो:

झोपेत: दिवसाला साधारण ०.३ मिलिअँपिअर-तास.
सेन्सर (५ मिलिअँपिअर, स्थिर व्हायला एक सेकंद): ०.१३.
चिप जागी होऊन सुरू होणं आणि वाचन (४० मिलिअँपिअर, एक सेकंद): १.०७.
लोरावर (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) १० बाइटचा संदेश, स्प्रेडिंग फॅक्टर ७ (हा आकडा वाढला की संदेश दूर पोचतो, पण हवेत जास्त वेळ राहतो), पूर्ण ताकदीने (१२० मिलिअँपिअर, ६२ मिलिसेकंद): ०.२.

बेरीज १.७ च्या आसपास, म्हणजे कागदावर चार वर्षं. कागदावर, कारण सेल स्वतःहूनही उतरतो. पण प्रमाण बघा: ज्या पाठवण्याच्या नावाने आपण बोटं मोडतो त्याच्या पाचपट खर्च चिप उठून डोळे चोळण्यात जातो. म्हणून एवढ्याशा कामाला ईएसपी३२ नकोच असं माझं मत. साधी एटीमेगा३२८ चिप जागी असताना चारेक मिलिअँपिअरवर भागवते.

मग रेडिओ निर्दोष का? नाही. तोच संदेश स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर गेला की हवेत ६२ मिलिसेकंदांऐवजी जवळजवळ दीड सेकंद राहतो. पाठवण्याचा खर्च ०.२ वरून ४.७ वर. चार वर्षांचे चौदा महिने होतात. आणि हे कधी होतं? खरड छाटणीनंतर बाग उघडी असताना नोड बसवला, सगळं झकास चाललं. पुढे मांडव पानांनी भरला. पाण्याने भरलेली पानं सिग्नल पितात, वरून तारांचं जाळं. संदेश पोचेनासे झाले की नोड आपणहून स्प्रेडिंग फॅक्टर वाढवत नेतो. डॅशबोर्डवर आकडे येतच राहतात, त्यामुळे मालकाला काही कळत नाही. उपाय अगदी साधा: खोकं खाली राहू द्या, अँटेना पाइपावर घालून मांडवाच्या वर हातभर काढा. बॅटरी वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.

---

निफाडचा_बागायतदार

भाऊ, चांगला विषय काढला. मी दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे तयार नोड घेतले, वर छोटं सोलर पॅनल. बसवून गेले ते गेले. पॅनल मांडवाखाली सावलीत. वरून फवारणीचा ब्लोअर फिरतो, बोर्डोचा निळसर थर बसतो तो पुसणार कोण? पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस ऊन नसतं. सोलर असून बॅटरी कायम खालीच.

---

संशोधक_सायली

लेख आवडला. मी पुण्यात याच विषयावर पीएचडी करतेय, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडते. झोपेतला करंट हा बोर्ड कसा निवडला याचा प्रश्न झाला, तो एकदाच सुटतो. जाळं मोठं असेल तर खरी बचत रचनेत आहे. २००० साली एमआयटीमधून आलेली लीच पद्धत घ्या: नोडचे गट करायचे, गटप्रमुखाने सगळ्यांची माहिती गोळा करून, संक्षेप करून पुढे पाठवायची, आणि प्रमुखपद फिरतं ठेवायचं म्हणजे एकाचीच बॅटरी संपत नाही. पॉटी आणि कायझर यांचा त्याच वर्षीचा हिशेब प्रसिद्ध आहे: एक किलोबिट १०० मीटरवर पाठवायला साधारण ३ ज्यूल लागतात, आणि तेवढ्या ऊर्जेत एका वॉटला १०० एमआयपीएस (सेकंदाला १० कोटी सूचना) देणारा प्रोसेसर ३० कोटी सूचना पार पाडतो. म्हणजे जागेवर गणित करा, कमी बोला. हे तत्त्व तर मान्य व्हावं?

---

खडूस_काका

सायलीताई, तत्त्व मान्य. लीच अमान्य.

निम्मं आयुष्य फर्मवेअर लिहिण्यात गेलं, त्यामुळे तोंडावर बोलतो, राग मानू नका. मूळ लीचमध्ये प्रत्येक नोड थेट बेस स्टेशनपर्यंत पोचू शकतो असं गृहीत आहे. पोचू शकतो तर गट कशाला पाडायचे? दुसरं, गटप्रमुखाला आपल्या पाळीत सतत कान उघडे ठेवावे लागतात. आणि ऐकणं हे त्या काळच्या रेडिओत फुकट नव्हतं, उलट महाग होतं. सीसी२४२० ही गाजलेली चिप घ्या: पूर्ण ताकदीने बोलताना १७.४ मिलिअँपिअर, ऐकताना १८.८. समोर कुणी बोलत नसलं तरी १८.८ च. दोन पेन्सिल सेल असल्या ऐकण्यात आठवडाभरही टिकत नाहीत.

म्हणून या क्षेत्रातलं खरं काम झालं ते ऐकणं कमी करण्यावर. २००२ मध्ये एस-मॅक आलं (मॅक म्हणजे रेडिओने कधी बोलायचं, कधी ऐकायचं याचे नियम): सगळ्यांनी एका वेळी उठायचं, एका वेळी झोपायचं. २००४ चं बी-मॅक म्हणालं, वेळ जुळवायची भानगडच नको, प्रत्येकाने अधूनमधून क्षणभर हवेत कानोसा घ्यावा आणि पाठवणाऱ्याने आधी लांबलचक प्रिअँबल (संदेशाआधीची सूचक खूण) वाजवावा. पण तो लांब प्रिअँबल आजूबाजूचे सगळेच ऐकत बसायचे, मग २००६ च्या एक्स-मॅकने त्याचे तुकडे करून प्रत्येकात पत्ता घातला, की ज्याचं काम नाही तो लगेच परत झोपेल. आजच्या लोरा चिपमधली सीएडी (हवेत कुणी बोलतंय का ते क्षणात तपासायची) सोय हा तोच जुना कानोसा आहे. कारखान्यांत मात्र वेळ जुळवणारी जात जिंकली. वायरलेसहार्ट, टीएससीएच ही मानकं त्याच घरची.

लीचचे सुधारित अवतार किती निघाले त्याला गणती नाही. त्यातले शेतात किती उतरले तेवढं सांगा.

---

संशोधक_सायली

राग नाही, काका. :) सिम्युलेशनमध्ये ऐकण्याचा खर्च बरेच जण धरत नाहीत हे खरंय, आमच्या लॅबमध्येही यावर वाद होतात. पण अनेक उड्यांचं (संदेश नोडवरून नोडवर जाणारं) जाळं असेल तर गेटवेजवळच्या, म्हणजे सगळे संदेश गोळा करणाऱ्या केंद्राजवळच्या, नोडवर सगळ्यांचा भार पडतो आणि ते आधी मरतात, हा प्रश्न राहतोच ना? मागचे नोड ठणठणीत असूनही मुके होतात.

---

दिंडोरीकर

राहतो. म्हणूनच शेतात मी अनेक उड्यांच्या वाटेला जात नाही. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही. शेडवर उंच गेटवे लावला की आसपासच्या बागा एका उडीत येतात. ऐकत बसण्याचं काम गेटवेचं, आणि त्याला लाईट असते.

निफाडचे भाऊ, सोलरबद्दल: मी पॅनल लावतच नाही. खर्च दिवसाला दोन मिलिअँपिअर-तासांच्या आत आला की पॅनल म्हणजे पुसायची आणखी एक वस्तू.

---

निफाडचा_बागायतदार

"गेटवेला लाईट असते" हे वाक्य फ्रेम करून ठेवा. आमच्याकडे या, मग बोलू. 😄

---

मीटरवाला

वरचा विनोद वाटतो तितका विनोद नाही. मी पाण्याच्या मीटरच्या रीडिंगचं काम करतो, रेडिओ हाच. एका गावात गेटवेची वीज गेली आणि यूपीएसही मेला. प्रत्येक मीटरला "पोच मिळालीच पाहिजे" अशी सेटिंग होती. पोच नाही म्हणून पुन्हा पाठव, तरी नाही म्हणून स्प्रेडिंग फॅक्टर वाढव, पुन्हा पाठव, शेवटी नेटवर्कात नव्याने जॉइन व्हायचा प्रयत्न, तोही सर्वांत महागड्या दराने. गेटवे सुरू झाला तोवर त्या मीटरांनी वर्षभराची बॅटरी हवेत उधळली होती. धडा तिथल्या तिथे घेतला: पोच मागायची नाही, मागितली तर दिवसातून एखाद्या संदेशालाच, आणि अपयश आलं की पुढच्या प्रयत्नाआधी दुप्पट वेळ थांबायचं.

दुसरं, लिथियम थायोनिल क्लोराईडचे ३.६ व्होल्टचे सेल. जाहिरात खरी आहे, वर्षाला एखादा टक्काच उतरतात. पण पडून राहिले की आत लिथियमवर एक थर धरतो. मल्टिमीटरला ३.६ दाखवतो, तुम्ही खूश. नोडने पहिला संदेश पाठवायला १२० मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज धाडकन खाली, चिप रीसेट. परत उठते, परत पाठवते, परत रीसेट. त्या चक्रात चांगला सेल संपतो आणि दुकानदाराला शिव्या बसतात. सेलला समांतर मोठा, कमी गळतीचा कपॅसिटर लावा. झटका त्याने द्यायचा, सेलने त्याला सावकाश भरायचं.

---

डेल्फ्टवासी

नेदरलँड्समधून नमस्कार. इथला एक किस्सा या धाग्यात हवाच. २००५ साली इथे बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड लावले होते, उशिराच्या करप्याचा अंदाज घ्यायला. पानांजवळची आर्द्रता आणि तापमान मोजायचं, म्हणजे तुमच्या डावणीच्या गणिताचाच भाऊ. काकांनी सांगितलेल्या एस-मॅकच्या पुढची पायरी, टी-मॅक, इथल्याच विद्यापीठातली, ती वापरली. शेवटी हाती आला तो अपेक्षित माहितीतला सुमारे २ टक्के भाग. सॉफ्टवेअरचे तुकडे एकमेकांशी भांडले आणि बॅटऱ्या हंगाम संपायच्या कितीतरी आधी संपल्या. त्या संशोधकांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी सगळं फजितीसकट प्रसिद्ध केलं.

पानं सिग्नल पितात हे तिथेही दिसलं होतं, पीक फुलोऱ्यात आल्यावर रेंज फार कमी झाली. गंमत म्हणजे पावसात आणि रात्री, हवा दमट असताना सिग्नल सुधारायचा. मला उलट वाटलं असतं.

---

खडूस_काका

डेल्फ्टवासी, +१. २००२ साली अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक बेटावर बर्कले विद्यापीठवाल्यांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत ३२ नोड बसवले. पक्षी वीण करत असताना माणसाने वारंवार जाऊ नये म्हणून हा खटाटोप, त्यामुळे बॅटरी बदलायला जाणं हाच गुन्हा. या विषयाचा पाया अशा ठिकाणी घातला गेला.

आपल्याकडे आयआयटी मुंबईचा ॲग्रीसेन्स प्रकल्प नाशिकलाच सुला वाइनवाल्यांच्या द्राक्षबागेत झाला होता. दिंडोरीकर, तुमच्या शेजारीच की.

---

कोकणकन्या_८७

मी तंत्रज्ञ नाही, पण एक विचारते. द्राक्षाच्या बागेत नोड बंद पडला तर नुकसान पैशांचं. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) झाल्यावर दरडींसाठी सेन्सर लावायची चर्चा होते. तिथे ऐन पावसात बॅटरी संपली तर?

---

संशोधक_सायली

फार महत्त्वाचा प्रश्न. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने दरडींच्या पूर्वसूचनेसाठी असं जाळं उभारलं आहे. जमिनीत पाण्याचा दाब मोजणारे सेन्सर, पर्जन्यमापक वगैरे. अडचण हीच की माहिती सर्वांत जास्त लागते तेव्हा ऊन सर्वांत कमी. त्यामुळे सगळ्या ऋतूंत एकाच वेगाने मोजत बसायचं नाही. कोरड्या दिवसांत अगदी सावकाश, पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वेग वाढवायचा. वाचवलेली ऊर्जा त्या रात्रींसाठी राखून ठेवायची.

आणि काका, "जागेवर गणित करा, कमी बोला" ते हेच. बागेतही करता येईल: मागच्या वाचनापेक्षा ओलावा दोन टक्क्यांहून जास्त बदलला तरच पाठवा.

---

दिंडोरीकर

सायलीताई, हे करतो, फक्त एक मेख आहे. नोड गप्प आहे तो बदल नाही म्हणून की मेलाय म्हणून? त्यामुळे काही बदल नसला तरी सहा तासांतून एकदा हजेरी लावायला लावतो, सोबत बॅटरीचं व्होल्टेज.

आणि मुळात प्रत्येक गोष्ट १५ मिनिटांनी मोजायची गरज नसते. ठिबकवरच्या बागेत मुळांजवळचा ओलावा तासातासाने पाहिला तरी पुरे. पानांच्या ओलेपणाचा सेन्सर मात्र दर १५ मिनिटांनीच, कारण पान किती तास सलग ओलं राहिलं यावर डावणीचा अंदाज आणि फवारणी ठरते. एक तास चुकला तर एक फवारणी फुकट किंवा घड हातचे जायचे. बचत करायची तर ओलाव्यावर करा, तिथे हात आखडू नका.

---

निफाडचा_बागायतदार

मला नुसते आकडे नकोत, घरबसल्या व्हॉल्व्ह पण उघडबंद करायचाय. ते या बॅटरीवर होईल का?

---

दिंडोरीकर

होईल, पण लगेच नाही. साधा नोड स्वतः बोलल्यावर एक सेकंदाने आणि दोन सेकंदांनी अशा दोनच छोट्या खिडक्या उघडतो आणि परत झोपतो. तुमचा हुकूम तोवर गेटवेकडे थांबून राहतो. नोड १५ मिनिटांनी बोलत असेल तर व्हॉल्व्हही वाईटात वाईट १५ मिनिटांनी उघडेल. ठिबकला एवढं चालतं. "बटण दाबलं की लगेच" हवं असेल तर रेडिओ कायम ऐकता ठेवावा लागतो, दहा-बारा मिलिअँपिअर सतत. मग सेल नऊ-दहा दिवसांचा धनी, तिथे लाईट किंवा मोठं पॅनल हवंच.

व्हॉल्व्ह घेताना लॅचिंग सोलेनॉइडचा घ्या. उघडायला एक झटका, बंद करायला एक झटका, मध्ये शून्य खर्च. साधा सोलेनॉइड पाणी चालू असेपर्यंत करंट ओढत राहतो.

---

नवशिक्या_नागपूर

सर, झोपेतला करंट मोजायचा कसा? मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावला की नोड सुरूच होत नाही.

---

मीटरवाला

त्या रेंजवर मीटरच्या आतला रेझिस्टन्स मोठा असतो. नोड उठताना ४० मिलिअँपिअर मागतो, सगळं व्होल्टेज मीटरमध्येच पडतं. पॉवर प्रोफायलर विकत मिळतात, पण फुकटचा उपाय सांगतो.

४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलला समांतर लावा. नोड झोपला की सेल काढा आणि कपॅसिटरचं व्होल्टेज ०.१ ने उतरायला किती सेकंद लागतात ते बघा. १० मायक्रोअँपिअर असेल तर ४७ सेकंद लागतील. ५ मिलिअँपिअर असेल तर तुम्ही आकडा वाचेपर्यंत नोड बंद पडलेला असेल, तेही उत्तरच. आधी नोड न जोडता नुसत्या कपॅसिटरची गळती मोजा, स्वस्त कपॅसिटर स्वतःच काही मायक्रोअँपिअर पितात. ती वजा करा.

---

नवशिक्या_नागपूर

केलं. चिप झोपते, पण व्होल्टेज दोन सेकंदांत उतरतं. रेग्युलेटर बदललाय, एलईडी काढलाय.

---

मीटरवाला

म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे मायक्रोअँपिअर. सेन्सर असता तर याहून बराच जास्त दिसला असता. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टर लावलेत का? किती किलोओहमचे?

---

नवशिक्या_नागपूर

हो, १०-१० किलोओहम. थेट सेलला.

---

मीटरवाला

सापडला चोर. सेल ४ व्होल्टच्या आसपास, एकूण २० किलोओहम, म्हणजे २०० मायक्रोअँपिअर रात्रंदिवस. एक-एक मेगाओहमचे लावा, मधल्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर वाचन हलतं.

---

निफाडचा_बागायतदार

ते एलईडी काढायचं माझ्याही नोडला करू का? पण मग चालू आहे की बंद ते कळणार कसं?

---

दिंडोरीकर

वॉरंटी संपली असेल तर करा, नाहीतर कंपनीवाल्यालाच बोलवा. चालू-बंद कळायला डॅशबोर्डवर तीन गोष्टी मागून घ्या: संदेशाचा क्रमांक, बॅटरीचं व्होल्टेज आणि स्प्रेडिंग फॅक्टर. क्रमांकात खाडे पडायला लागले किंवा फॅक्टर ७ वरून १०-११ वर चढला, की मांडवाखाली जाऊन आधी अँटेना कुठे आहे ते बघा. आणि ते पॅनल आता आहेच तर ब्लोअर मारून झाला की ओल्या फडक्याने पुसायला सांगा कुणाला तरी.